हवामान अनुकूलनाचा भार : जबाबदारी नगरपालिकांची, पैसा कोणाचा?

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. 26 जुलै 2005 च्या पुराची आठवण ज्यांना होती, त्यांनी सामान वरच्या मजल्यावर हलवले होते. पण या वेळी पाणी तिथेही पोहोचले. पूर ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांवर साचलेला चिखल उपसण्यासाठी मोठ्या महापालिकांना आपली पथके आणि यंत्रे कोकणात पाठवावी लागली. एका नगरपरिषदेच्या सफाई कामगारांना आणि वाहनांना झेपेल असे ते काम नव्हते.

त्याहून अवघड प्रश्न नदीच्या पात्रात वर्षानुवर्षे साठलेल्या गाळाचा होता. गाळामुळे पात्र उथळ झाले आणि पाणी शहरात शिरले, असे नागरिकांचे म्हणणे होते. परंतु नदी नगरपरिषदेच्या मालकीची नाही, ती जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येते. पूर मात्र नगरपरिषदेच्या हद्दीत येतो. अखेर डिसेंबर 2021 मध्ये चिपळूणकरांनी साखळी उपोषण केले. त्यानंतर शासकीय यंत्रसामग्री आणि नाम फाउंडेशनसारख्या संस्थेची मदत यांतून गाळ उपसण्याचे काम मार्गी लागले. संकट स्थानिक संस्थेच्या दारात यायचे आणि उपायाचा पैसा व अधिकार इतरत्र असायचा, हे चित्र चिपळूणपुरते मर्यादित नाही. हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या खर्चाची चर्चा देशात जिथे जिथे होते, तिथे तिथे ती याच पेचापाशी येऊन थांबते.

खर्च नेमका कशाचा?

हवामान बदलाविषयीच्या धोरणात दोन शब्द सतत वापरले जातात. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे म्हणजे शमन. सौर ऊर्जा, विजेवर चालणाऱ्या बसगाड्या ही त्याची उदाहरणे. जो बदल झालाच आहे किंवा होणार आहे, त्याला तोंड देण्याची तयारी म्हणजे अनुकूलन. पर्जन्यजलवाहिन्या रुंद करणे, उदंचन केंद्रे उभारणे, उन्हाळ्यात पाणपोया व सावलीची सोय करणे, तलावांतील गाळ काढणे, पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा बसवणे, दरडप्रवण वस्त्यांचे पुनर्वसन करणे, ही सारी अनुकूलनाची कामे होत.

शमनाचे मोठे निर्णय केंद्रात आणि राज्यांत होतात, कारण वीजनिर्मिती, उद्योग आणि वाहतूक ही क्षेत्रे त्यांच्या हाती आहेत. अनुकूलन मात्र बहुतांशी गल्लीबोळातले काम आहे. 1992 मध्ये संमत झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची जोडली. तीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे 18 विषय आहेत. नगररचना, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा, उद्याने, पर्यावरण संरक्षण असे त्यांतले अनेक विषय थेट अनुकूलनाशी जोडलेले आहेत. करवसुलीचे अधिकार किती द्यायचे, हे मात्र घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले. तीन दशकांनंतरही कामांची यादी आणि उत्पन्नाची साधने यांतले अंतर भरून निघालेले नाही.

जागतिक बँकेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, भारतीय शहरांच्या पायाभूत सुविधांसाठी 2036 पर्यंतच्या 15 वर्षांत 840 अब्ज डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी 55 अब्ज डॉलर लागतील. याच अहवालात एक कमी चर्चिली गेलेली नोंद आहे. शहरांतील पायाभूत सुविधांचा तीन चतुर्थांशांहून अधिक पैसा केंद्र आणि राज्य सरकारे देतात. नागरी संस्था स्वतःच्या शिलकीतून सुमारे 15 टक्के वाटा उचलतात आणि खासगी क्षेत्राचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे. 2025 च्या जुलैमध्ये बँकेने आणखी एक अहवाल दिला. नव्या, हवामानाचे धक्के सोसू शकणाऱ्या आणि कमी कर्बोत्सर्जन करणाऱ्या शहरी सुविधांसाठी 2050 पर्यंत 2.4 लाख कोटी डॉलरहून अधिक गुंतवणूक लागेल, असे त्यात म्हटले आहे. पावसाच्या पाण्याने शहरे तुंबल्यामुळे होणारे नुकसान आज वर्षाला सुमारे 4 अब्ज डॉलर आहे. उपाय न केल्यास ते 2030 पर्यंत 5 अब्ज डॉलरवर आणि 2070 पर्यंत 14 ते 30 अब्ज डॉलरवर जाईल, असाही अंदाज त्यात आहे.

या आकड्यांसमोर देशातील नागरी संस्थांचे एकूण उत्पन्न सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे एक टक्का आहे. ब्राझील किंवा दक्षिण आफ्रिकेतील नागरी संस्थांचे हेच प्रमाण याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे खर्चाचा आकडा कितीही अचूक काढला, तरी तो भागवायचा कोणत्या खिशातून, हा प्रश्न कायम राहतो.

मुंबई : श्रीमंत महापालिकेचा धडा

देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेला तरी हे गणित जमले का, हे पाहणे उद्बोधक आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या आपत्तीत राज्यात एक हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पर्जन्यजलवाहिन्यांच्या सुधारणेचा बृहत् आराखडा, जो ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जातो, तो तेव्हा 12 वर्षे तयार स्थितीत पडून होता. 1993 मध्येच त्याचा अहवाल सादर झाला होता. ब्रिटिशकालीन जाळे ताशी 25 मिलिमीटर पावसाचे पाणी वाहून नेऊ शकत होते; ती क्षमता दुप्पट, म्हणजे ताशी 50 मिलिमीटर करण्याचा तो प्रस्ताव होता.

महापुरानंतर माजी सनदी अभियंता माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि केंद्राने प्रकल्पासाठी सुमारे 1,200 कोटी रुपयांच्या साहाय्याला मान्यता दिली. पुढे काय झाले, हे पायाभूत सुविधांची बातमीदारी करणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटेल. नाल्यांलगतची अतिक्रमणे, पुनर्वसनाचे वाद, खारफुटीसंबंधीच्या परवानग्या आणि जमिनीचे तंटे यांत कामे अडकत गेली. खर्च मूळ अंदाजाच्या काही पटींनी वाढला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथील उदंचन केंद्रे टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मोगरा आणि माहुल येथील केंद्रे मात्र दीर्घकाळ रखडली. समुद्राला भरती आणि वर मुसळधार पाऊस असा योग आला, की सखल मुंबईतले पाणी आपोआप समुद्रात जाऊ शकत नाही, ते यंत्रांनी उपसूनच टाकावे लागते. म्हणूनच ही केंद्रे मुंबईसाठी अत्यावश्यक आहेत.

दरम्यान निकषही बदलला. ताशी 50 मिलिमीटर हे 1993 चे उद्दिष्ट होते. आता काही तासांत 200 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळणे मुंबईला नवे राहिलेले नाही. ज्या क्षमतेसाठी शहराने दोन तपे पैसा ओतला, ती पूर्ण होईपर्यंत अपुरी ठरली. मग हिंदमाता परिसरासाठी प्रमोद महाजन उद्यान आणि झेवियर्स मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधून पावसाचे पाणी भरतीच्या काळात साठवण्याचा वेगळा मार्ग पत्करावा लागला. हिंदमाता चौकातले गुडघाभर पाणी हे मुंबईच्या पावसाळ्याचे ठरलेले छायाचित्र होते. टाक्यांनंतर ते पूर्वीइतके नित्याचे राहिले नाही, हे मान्य करायला हवे.

मार्च 2022 मध्ये मुंबईने हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यापुढची पायरी म्हणून जून 2024 मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल सादर केला. 2024-25 च्या 31,774.59 कोटी रुपयांच्या भांडवली तरतुदीपैकी 10,224.24 कोटी रुपये, म्हणजे 32.18 टक्के रक्कम हवामानाशी संबंधित कामांसाठी असल्याचे त्यात दाखवले गेले. ऑस्लो, न्यू यॉर्क आणि लंडननंतर असा अर्थसंकल्प मांडणारे मुंबई हे चौथे शहर ठरल्याचे सांगितले गेले.

हा आकडा वाचताना सावध राहिले पाहिजे. त्यात पूरनियंत्रण आणि जलस्रोतांबरोबर वाहतूक, ऊर्जा, कचरा व्यवस्थापन आणि हवेची गुणवत्ता यांवरील खर्चही आहे. म्हणजे तो निव्वळ अनुकूलनाचा नाही. शिवाय हे नव्याने उभे केलेले दहा हजार कोटी नव्हेत. आधीच मंजूर असलेल्या कामांवर हवामानाच्या दृष्टीने खूण करून ती एका यादीत मांडण्यात आली आहेत. तरीही या खटाटोपाला अर्थ आहे. अनुकूलनाचा खर्च रस्ते, मलनिस्सारण, उद्याने, आरोग्य अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांत विखुरलेला असतो. तो एकत्र मोजला नाही, तर वाढला की घटला हेही कळत नाही. एक खटकणारी बाब म्हणजे मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यापासून महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. शहराच्या भवितव्याविषयीचा हा पहिला हिशेब प्रशासकांच्या काळात, नगरसेवकांच्या चर्चेविना मांडला गेला.

आणि मुंबई हा अपवादच आहे. 2024-25 मध्ये तिचा एकूण अर्थसंकल्प 59,954.75 कोटी रुपयांचा होता. अनेक छोट्या राज्यांचे अर्थसंकल्प याहून लहान असतात. बँकांत हजारो कोटींच्या ठेवी असलेल्या या महापालिकेला जे काम तीन दशके पुरले, ते लातूर, कटक किंवा गोरखपूरने कसे करायचे?

चेन्नईने निवडलेला मार्ग कर्जाचा होता. 2015 च्या महापुरानंतर बृहन् चेन्नई महापालिकेने शहराची नदीखोऱ्यांनुसार विभागणी करून पर्जन्यजलवाहिन्यांचे जाळे विणायला घेतले. उत्तरेकडील कोसस्थलैयार खोऱ्यातील सुमारे 3,220 कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी आशियाई विकास बँकेने 25.1 कोटी डॉलरचे कर्ज दिले, तर दक्षिणेकडील कोवलम खोऱ्यासाठी जर्मनीच्या ‘केएफडब्ल्यू’ या विकास बँकेचे साहाय्य घेतले गेले. परकीय कर्ज मिळवताना राज्य आणि केंद्र सरकार पाठीशी उभे राहावे लागते. राजधानीच्या शहराला ते शक्य होते. डिसेंबर 2023 मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी शहर पुन्हा तुंबले, तेव्हा इतका खर्च करूनही हे कसे, असा संताप व्यक्त झाला. वाहिन्या शेवटी ज्या नद्यांना आणि पळ्ळिकरणैसारख्या पाणथळींना मिळतात, तिथेच पाणी मागे रेटत असेल, तर नुसत्या गटारांवरचा खर्च अपुरा पडतो, हा त्या वेळचा धडा होता.

आपत्तीनंतरचा पैसा, आपत्तीपूर्वीचा पैसा

केंद्र आणि राज्यांकडून येणाऱ्या निधीची रचना पाहिली, तर त्याचा कल कुठे आहे ते स्पष्ट दिसते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापनाकरिता 1,60,153 कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील 80 टक्के रक्कम प्रतिसाद निधीसाठी, म्हणजे मदत, पुनर्बांधणी आणि सज्जतेसाठी, तर 20 टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीची तीव्रता आधीच कमी करणाऱ्या कामांसाठी ठेवली गेली. सौम्यीकरणासाठी स्वतंत्र निधी दिला जाणे हेच त्या आयोगाचे नावीन्य होते; त्याआधी असा स्वतंत्र कप्पा जवळजवळ नव्हताच. म्हणून 20 टक्के थोडे असले, तरी ते पुढचे पाऊल होते, ही नोंद न्याय्य ठरेल.

याच आयोगाने सात महानगरांतील पूरनियंत्रणासाठी 2,500 कोटी रुपये राखून ठेवले : मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना प्रत्येकी 500 कोटी, तर बंगळूरु, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे यांना प्रत्येकी 250 कोटी. आयोगाचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये संसदेत मांडला गेला. यातील पहिला, चेन्नईचा 561.29 कोटींचा प्रकल्प मंजूर झाल्याची घोषणा डिसेंबर 2023 मध्ये झाली, तीही ‘मिचाँग’ने शहर बुडवल्यानंतर. उरलेल्या सहा शहरांच्या 2,514.36 कोटींच्या प्रस्तावांना 2024 मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे पाच वर्षांच्या निधीतील निम्म्याहून अधिक काळ मंजुरीतच गेला. पुण्यासाठी हा विलंब कागदावरचा नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात तिथे माणसे वाहून गेली होती, आणि ओढ्याच्या काठच्या सीमाभिंतींचा प्रश्न त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा उपस्थित होत राहिला.

सात महानगरांबाहेरच्या शहरांसाठी चित्र अधिक धूसर आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत 2.0’ योजनेचा आकार 2,99,000 कोटी रुपयांचा आहे, मात्र तिचा भर पाणीपुरवठा, सांडपाणी आणि जलाशयांचे पुनरुज्जीवन यांवर आहे. अनुकूलनासाठीच 2015 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अनुकूलन निधीतून नाबार्डमार्फत 30 प्रकल्पांना मिळून 847.48 कोटी रुपये मंजूर झाले. देशाच्या आकाराकडे पाहता ही रक्कम प्रयोगाच्या स्वरूपाची म्हणावी लागेल.

उष्णतेची लाट : स्वस्त उपाय, तरीही पैसा नाही

अनुकूलन नेहमीच हजारो कोटींचे असते असे नाही. मे 2010 मध्ये अहमदाबादचे तापमान 46.8 अंश सेल्सिअसवर गेले. त्या महिन्यात नेहमीच्या तुलनेत 1,344 अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. 2013 मध्ये अहमदाबाद महापालिकेने सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील संस्थांच्या मदतीने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा राबवला. तापमानानुसार रंगांचे इशारे, रुग्णालयांची तयारी, डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण, दुपारी उद्याने उघडी ठेवणे, पाणपोया, पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग, अशी ही कामे होती. आराखड्यानंतरच्या वर्षांत दरवर्षी सरासरी 1,190 मृत्यू टळले, असा अंदाज 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. एका उदंचन केंद्राच्या खर्चाशी तुलना केली, तर या साऱ्यावरचा खर्च नगण्य म्हणावा असा आहे.

सुरतचाही अनुभव असाच. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचे हे शहर जवळजवळ पूर्ण बुडाले होते. त्यानंतर धरणातील आवक, विसर्ग आणि शहरातील पाण्याची पातळी यांची सांगड घालणारी पूर्वसूचना यंत्रणा उभी राहिली. तटबंदीच्या तुलनेत माहितीवरचा खर्च कमी असतो, परंतु धरण चालवणारे खाते आणि महापालिका यांनी एकमेकांशी वेळेवर बोलावे, ही त्याची पूर्वअट असते.

अहमदाबादनंतर देशभर उष्णता आराखड्यांची लाट आली. नागपूर, ठाणे यांसह महाराष्ट्रातील शहरांनीही ते केले. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने 2023 मध्ये अशा 37 आराखड्यांचा अभ्यास केला, तेव्हा केवळ 11 आराखड्यांत पैसा कुठून येणार याचा उल्लेख आढळला. त्यांतही आठ आराखड्यांनी संबंधित विभागांनी आपापल्या तरतुदीतून खर्च भागवावा, असे म्हणून विषय संपवला होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात उष्णतेची लाट ही राष्ट्रीय स्तरावर अधिसूचित आपत्तींच्या यादीतही नव्हती. राज्यांना स्थानिक आपत्ती म्हणून प्रतिसाद निधीतील 10 टक्क्यांपर्यंत रक्कम वापरण्याची मुभा होती. पूर येऊन गेला की पंचनामे होतात. उन्हाने मेलेल्या मजुराचा पंचनामा क्वचितच होतो, आणि ज्याची नोंद नाही त्यावर तरतूदही होत नाही.

रोखे कोण घेणार?

सरकारी निधी अपुरा असेल, तर शहरांनी बाजारातून पैसा उभारावा, असा सल्ला अलीकडे सातत्याने दिला जातो. अहमदाबादने 1998 मध्ये राज्याच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढून देशात पायंडा पाडला. पुण्याने 2017 मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटी उभारले. गाझियाबादने 2021 मध्ये 150 कोटींचे हरित रोखे काढले, सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते उद्योगांना विकण्यासाठी. इंदूरने 2023 मध्ये सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी 244 कोटींचे हरित रोखे आणले आणि त्यांना जवळजवळ सहा पट मागणी आली. पिंपरी-चिंचवडने 2025 मध्ये 200 कोटींचे हरित रोखे सूचिबद्ध केले.

इंदूरचे यश समजून घेण्याजोगे आहे. नर्मदेचे पाणी जलूद येथून उपसून शहरात आणण्यासाठी महापालिकेला विजेवर दरमहा कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. रोख्यांच्या पैशातून सौर प्रकल्प उभारला की हे देयक घटते आणि त्या बचतीतून व्याज फेडता येते. गाझियाबादच्या बाबतीत पाण्याची विक्री हे उत्पन्न आहे. दोन्हीकडे प्रकल्पच आपले कर्ज फेडतो.

पर्जन्यजलवाहिनीचे तसे नाही. ती बांधल्यावर कोणी तिचे दरमहा शुल्क भरत नाही. दरड कोसळू नये म्हणून बांधलेली भिंत काहीही विकत नाही. त्यांचा लाभ म्हणजे न झालेले नुकसान, आणि तो दुकानदार, रहिवासी, रेल्वे, विमा कंपन्या अशा सर्वांत विखुरलेला असतो. महापालिकेच्या तिजोरीत तो जमा होत नाही. त्यामुळे अशा कामांसाठीच्या कर्जाची परतफेड शेवटी मालमत्ता करातूनच करावी लागते, आणि गुंतवणूकदार पाहतो ते त्या कराच्या वसुलीकडे. केंद्राच्या पुढाकाराने देशातील 470 शहरांचे पतमानांकन झाले. त्यांपैकी 164 शहरे गुंतवणूकयोग्य दर्जाची आणि केवळ 36 शहरे ‘ए वजा’ किंवा त्याहून वरच्या दर्जाची ठरली. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला एक लाख कोटींचा शहरी आव्हान निधीही याच तर्कावर उभा आहे. त्यातून प्रकल्पखर्चाच्या 25 टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळेल, मात्र किमान निम्मा पैसा रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून आणावा लागेल. मेट्रोच्या स्थानकाभोवतीचा विकास या चौकटीत बसतो. नाल्याचे रुंदीकरण तिच्यात बसवायला बरीच कसरत करावी लागेल.

न दिसणारा खर्च

अनुकूलनाची किंमत केवळ बांधकामात नसते, ती गमावलेल्या उत्पन्नातही असते. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात : 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. हवामानाच्या दृष्टीने हा सर्वांत शहाणपणाचा आणि सर्वांत स्वस्त उपाय. पण जकात आणि स्थानिक संस्था कर वस्तू व सेवा कराच्या आगमनाने संपल्यानंतर महापालिकांकडे मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीशी निगडित शुल्क एवढीच भरवशाची साधने उरली. त्या शुल्काचा प्रवाह नवीन इमारतींवर अवलंबून असतो. म्हणजे जी संस्था नदीकाठ मोकळा ठेवील, तिचे उत्पन्न घटते, आणि जी परवानगी देईल, तिला आज पैसा मिळतो. पुराचा खर्च पुढच्या कारभाऱ्यांच्या वाट्याला येतो. चिपळूणसारख्या ठिकाणी, जिथे जुने गावच पूररेषेच्या आत आहे, तिथे तर रेषा आखणे म्हणजे शहराची वाढच थांबवणे, अशी रहिवाशांची तक्रार आहे, आणि ती उडवून लावण्याजोगी नाही.

जकातीच्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते, दरवर्षी आठ टक्के वाढीसह. पगार व निवृत्तिवेतन भागते, परंतु स्वतःच्या बळावर दीर्घ पल्ल्याची कामे हाती घेण्याची ताकद त्यातून येत नाही.

देखभालीचा प्रश्न याहून साधा आणि याहून दुर्लक्षित आहे. अनुदान नवे काम उभारण्यासाठी मिळते. उदंचन केंद्राचे वीजबिल, पंपांची दुरुस्ती, दरवर्षीची नालेसफाई हे सारे स्थानिक संस्थेच्या महसुली खर्चात पडते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी 18 राज्यांतील नागरी संस्थांच्या तपासणीचे निष्कर्ष 2024 मध्ये एकत्रितपणे मांडले. त्यानुसार या संस्थांचे स्वतःचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या 32 टक्के होते, मालमत्ता कराची मागणीच्या 56 टक्केच वसुली होत होती आणि मंजूर पदांपैकी सरासरी 37 टक्के पदे रिक्त होती. निधी आला, तरी सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करणारा अभियंता नगरपरिषदेत नसेल, तर प्रस्तावच जात नाही. मग अहवाल सल्लागार कंपनी लिहिते, आणि अनेकदा एकाच साच्यातून तो शेजारच्या दोन-तीन शहरांसाठी निघतो.

ग्रामपंचायतींकडे येताना पैशाचे स्वरूप आणखी आक्रसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या त्यांना मिळणाऱ्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेली होती. ही कामे दुष्काळी गावाला हवीच असतात, पण बंधाऱ्याची दुरुस्ती की पाझर तलावातला गाळ, हे ठरवायला हाती उरणारा मोकळा पैसा तुटपुंजा असतो. महाराष्ट्रात 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने स्थानिक संस्थांत स्पर्धा लावून बक्षिसांची रक्कम पर्यावरणाच्या कामांकडे वळवली. उत्साह निर्माण झाला हे खरे. बक्षीस मात्र जिंकणाऱ्याला मिळते, गरज असलेल्याला मिळेलच असे नाही.

केरळचा अनुभव या संदर्भात पाहण्याजोगा आहे. 1996 च्या लोकनियोजन मोहिमेपासून तिथे राज्याच्या योजना निधीचा मोठा हिस्सा, सुमारे चौथा भाग, ग्रामपंचायती आणि नगरपालिकांकडे जातो, आणि तो खर्च कसा करायचा हे बऱ्याच अंशी त्याच ठरवतात. 2018 च्या महापुरानंतर राज्याने ‘नम्मळ नमुक्कायी’, म्हणजे ‘आपण आपल्यासाठी’, या मोहिमेत स्थानिक संस्थांना आपापला आपत्ती व्यवस्थापन आराखडा करायला लावले. प्रभागातील कोणती घरे आधी बुडतात, अंथरुणाला खिळलेले रुग्ण कुठे आहेत, होड्या कोणाकडे आहेत, कोणत्या शाळेत किती माणसे राहू शकतील, अशा नोंदी त्यात आहेत. केरळच्याही तिजोरीवर ताण आहे आणि 2024 च्या वायनाडमधील भूस्खलनाने या तयारीच्या मर्यादा दाखवल्या. मात्र होड्यांची यादी करायला तिथल्या पंचायतीला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागली नाही, आणि ती यादी वार्षिक आराखड्यात उतरवण्यासाठी हाताशी थोडा का होईना, स्वतःचा पैसा होता.